हरिण आणि मटारांचा दगड

निवृत्तीनंतर मी दर रविवारी विहारात, वंदना आटोपल्यावर, मुलांना भूगोल शिकवतो. प्रत्येक पाठ आधी घरी पत्नीला शिकवून पाहतो. तिला पटला तरच तो वर्गात जातो. हा नियम मीच केला आणि तो मलाच वरचेवर महागात पडतो.

त्या आठवड्याचा पाठ ध्रुवाकडच्या भूमीचा होता. जबलपुरात हिवाळा म्हणजे मटार. शहरातल्याच गोरखपुर भागातल्या बाजारातून पोते घरी येते आणि वर्षाची बेगमी फ्रीजरमध्ये जाते. पत्नी सोलायला बसली होती. सोलणारा श्रोता मध्येच उठून जात नाही, म्हणून मी हीच वेळ निवडली. तिकडचे रेनडियर नावाचे हरिण भुसभुशीत बर्फ खुरांनी उकरते आणि खालचे दगडफूल खाते, असे मी सांगितले.

"आपल्या मसाल्यातलं?"

"त्याच्याच कुळातलं."

"मंग चवीचं हरिण आहे."

मी पुढे गेलो. आता तिकडे भर हिवाळ्यात अवचित ऊब येते, बर्फाऐवजी पाऊस पडतो आणि कळप उपाशी मरतात. इथे तिचे हात थांबले. पावसाने बर्फ वितळेल, चारा उघडा पडेल, मग उपाशी काहून मरतील, असा तिचा प्रश्न. पाणी बर्फात झिरपते आणि थंडी परतली की त्याचे कवच होते, हे मी परोपरीने समजावले. हवेत बोटाने आकृतीही काढली. ती तिने पाहिली नाही.

"पाण्यानं कोणी उपाशी मरत नाही," ती म्हणाली. "दुसरा पाठ घ्या."

माझ्याजवळ दुसरा पाठ नव्हता. शिवाय मला हाच शिकवायचा होता.

शुक्रवारी शहरावर अवकाळी गारा कोसळल्या आणि आमच्या गल्लीची वीज गेली. ती शनिवारी संध्याकाळी आली. रविवारी खमरियाहून मेहुणी आणि साडू जेवायला येणार होते आणि मटारभाताचे वचन गेलेले होते. पत्नीच्या मटारांचा लौकिक त्यांच्या सुटेपणाचा. उकळीतून काढून, पंख्याखाली अगदी कोरडे करून ती ते ठेवते. पिशवी हलवली की खडखडतात. त्या सकाळी तिने पिशवी हलवली, आणि काहीच खडखडले नाही.

मटार वितळून पुन्हा गोठले होते. आत एक हिरवा दगड होता. तिने नख लावून पाहिले, मग लाटणे, मग खलबत्त्यातला बत्ता. मी दारात उभा राहून चेहरा शोकसभेचा ठेवला होता. तो फार वेळ टिकेल असे मला वाटत नव्हते.

"पिशवी भरलेली आहे," मी हळूच म्हणालो, "आणि खायला दाणा नाही."

"बोलू नका तुमी."

बत्ता आणखी दोनदा आपटला. मग तो खाली ठेवून ती दगडाकडे पाहत राहिली.

"हरिणाजवळ तर बत्ताबी नसते," ती म्हणाली. "घ्या तुमचा पाठ. पण मटार मी दाखवीन."

विहारात तिने तो दगड स्टीलच्या ताटात मुलांसमोर ठेवला आणि ज्याला भूक असेल त्याने नखाने एक दाणा काढून खावा, असे फर्मावले. मुले तुटून पडली. बोटे लाल झाली, दाणा हलेना. एक मुलगी जमिनीवर ओणवी होऊन फुंकर मारू लागली. हे नियमांत बसत नाही, असे मी सांगणार होतो.

"मारू द्या," पत्नी म्हणाली. "पाहू किती वेळ मारते."

मुलगी दमली आणि मागे सरकली. "तो फिर हिरन क्या खाता है?" तिने विचारले.

पत्नीने माझ्याकडे पाहिले. या पाठात प्रथमच तिला माझे उत्तर हवे होते. मी सांगितले की जवळ समुद्र असला तर किनाऱ्यावरचे शेवाळ चघळतात, नसला तर चाऱ्याच्या शोधात चालत राहतात, आणि पाडसे मागे पडतात. पत्नीने ताटावर पदर टाकला.

दुपारी मेहुणीने मटारभाताची चौकशी केली. पत्नीने तिच्या पानात वांग्याची भाजी वाढली आणि तिकडे पाऊस पडल्याचे शांतपणे सांगितले.