इंदिरानगरात बनवलेला देव

खोट्या देवाच्या खऱ्या गोष्टी सांगायला बसलं की एकीतून दुसरी निघते. आम्ही जुने चार सहकारी भेटलो की जेवण राहतं बाजूला आणि कुणीतरी म्हणतं, तो दाराचा किस्सा सांग ना. मग चहा दोनदा होतो आणि घरून फोन यायला लागतात. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. इंदिरानगरात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर शिरीषसरांनी व्हिडिओ गेम बनवायचं ऑफिस काढलं होतं. माणसं मोजून चार. प्रोग्राम लिहिणारे सर, चित्रं आणि मूर्ती करणारा हरसूलचा एकनाथ, गेम खेळून चुका शोधणारा मालेगावचा सलीम आणि मी. इतिहासात एम.ए. केलेल्या मुलीला नाशकात शाळेत नोकरी मिळते. मला देव निर्माण करायची मिळाली!

काम परदेशातल्या एका कंपनीचं. त्यांना प्राचीन देवळात सुरू होणारा गेम हवा होता, पण देव जगात कुणाचाच नको, म्हणजे भावना दुखायचा प्रश्न नाही. मी महिनाभर खपून चाळीस पानी धर्म लिहिला. देवाचं नाव ओरूम. विश्वाची उत्पत्ती, सात स्वर्ग, उपास, सगळं त्यात होतं. कंपनीच्या माणसाने, ज्यांना आम्ही नुसतं 'साहेब' म्हणायचो, उत्तर पाठवलं की देऊळ छान आहे, पण इथे कुणी येत असेल असं वाटत नाही. दोन महिन्यांनी ते स्वतः बघायला येणार होते. देऊळ पटलं तर करारावर सही, तेव्हाही असंच वाटलं तर काम बंद. आमच्याकडे दुसरं काम नव्हतं, त्यामुळे ऑफिसही बंद. मला तर रडूच आलं.

*

एकनाथने माझी चाळीस पानं उचलून कपाटावर ठेवली आणि आधी देवळाच्या पायऱ्या झिजवल्या. त्याही फक्त मधोमध. मग एका खांबावर, लोक जिथे हात टेकतात तिथे, तेलकट काळा डाग काढला. सरांना तो घाण वाटला. त्यांनी पुसायला सांगितला.

"सर, डाग पुसला का देव उठून जाईल," एकनाथ म्हणाला.

सर पक्के नास्तिक. पण डाग राहिला.

*

वातावरण गूढ व्हावं म्हणून मी एक नियम काढला होता, की ओरूमच्या देवळात भक्तांनी पाठमोरं शिरायचं. सरांनी तसा प्रोग्राम लिहिला आणि पंचवीस भक्त सोडले. पाठमोरे असल्यामुळे कुणाला कुणी दिसेना. सगळे दारात अडकले आणि एकमेकांना ढकलत राहिले. मी मान खाली घालून बसले होते. सर मात्र खुर्ची ओढून दहा मिनिटं बघत बसले.

"याला कुणी हात लावू नका," ते म्हणाले. "पहिल्यांदाच देवळासारखं दिसतंय."

*

एका दुपारी सलीम आणि एकनाथचं चांगलंच जुंपलं. भक्त आधी पाय धुणार की आधी घंटा वाजवणार? सलीमचं म्हणणं, आधी पाय. एकनाथचं म्हणणं, आधी घंटा, कोण आलंय ते देवाला कळायला नको का? दोघांचे डबे उघडेच राहिले होते. शेवटी मी पान सतरा काढून दाखवलं, ओरूमच्या देवळात घंटाच नाही. त्याबरोबर दोघं एक झाले आणि माझ्यावर उलटले.

"ताई, लिवलाय तुमी," एकनाथ म्हणाला, "पन पाळतोय आमी."

दुसऱ्या दिवशी देवळात घंटा लागली होती.

*

सलीमचं काम आडदांडपणाचं. भिंतींवर तलवार मारायची, छपरावरून उड्या टाकायच्या, कुठे काय बिघडतं ते लिहून द्यायचं. एकदा साहेबांकडून तक्रार आली की मूर्तीच्या खांद्यावर चढलं की खेळाडू आरपार खाली पडतो. हे सलीमला कसं सापडलं नाही? तर तो खांद्यावर चढलाच नव्हता. सर भडकले. कसला देव, मागच्या बुधवारी आपणच बनवलाय, मी स्वतः सेव्ह केलाय, असं बरंच बोलले.

"सर, अपना नहीं है," सलीम हळूच म्हणाला. "पर किसी का तो होगा ना."

मग खांद्यावर चढायला सरांनी मला सांगितलं. मी चढले, पण चपला टेबलाखाली काढून ठेवल्या.

*

साहेब यायच्या आदल्या दिवशी गेमची कॉपी अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर अडकली. सर पुटपुटले, ओरूमा, एवढं होऊ दे, नारळ फोडीन.

"सर, ह्याला नारळ नाय चालत," एकनाथ म्हणाला. "पान बारा."

माझ्या चाळीस पानांतलं त्याने एवढं एकच वाचलं होतं. मग काय चालतं, सरांनी विचारलं. मीठ. सर निमूटपणे खाली गेले आणि घरमालकीणबाईंकडून वाटीभर मीठ घेऊन आले.

*

आणि मग साहेब आले. उंच, अबोल माणूस. गेम असा होता की देवळात शिरायचं, ओरूमच्या कपाळावरचा मणी चोरायचा आणि पळायचं. मणी घेतला की पुढचं भुयार उघडणार, मग तळघर, मग लढाया. आमचं बाकीचं सगळं काम त्या मण्याच्या पलीकडे होतं.

एकनाथने त्याच सकाळी, कुणालाही न विचारता, सरांच्या भक्तांतली एक म्हातारी उचलून गाभाऱ्यासमोर बसवली होती. गेममध्ये तिला काही काम नव्हतं. खेळाडू आला की ती सरकून वाट द्यायची आणि पुन्हा मूर्तीकडे बघत बसायची. सरांनी ती पाहिली तेव्हा साहेब खुर्चीत बसले होते.

साहेब मूर्तीपुढे पोचले. म्हातारी सरकली. पडद्यावरचा हात कपाळापर्यंत गेला आणि थांबला. एक मिनिट गेलं, दोन गेली. साहेबांनी इंग्रजीत विचारलं, मणी घेतल्यावर ही बाई काय करते?

"काय करंल?" एकनाथ म्हणाला. "उद्या येईल, अन् बघंल."

सलीमने ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी माऊस सोडला आणि हात मांडीवर ठेवले.

मणी घेतल्याशिवाय पुढचं काहीच उघडत नाही, असं सरांनी चाचरत सांगितलं.

साहेब अजून म्हातारीकडेच बघत होते.

"मग राहू दे," ते म्हणाले. "कागद आणा, सही करतो."