पायाळूचा अंगठा आणि रतनबाईचा डोळा

दिनांक ३ मार्च २०२५, सोमवार. मुक्काम मिरजगाव, तालुका कर्जत. सकाळी साडेनऊच्या सुमारास, गोधड्या शिवून पोट भरणाऱ्या रतनबाई या अठ्ठावन्न वर्षांच्या विधवेच्या सुजलेल्या पापणीवर सूर्यभान नावाच्या इसमाने आपल्या उजव्या पायाचा अंगठा तीन वेळा दाबला. उपस्थित अकरा जणांपैकी एकानेही हरकत घेतली नाही. दोघींनी तर हात जोडले. कोणत्याही दप्तरात याची नोंद नाही, म्हणून ती येथे केली आहे.

रतनबाईचा उजवा डोळा दहाव्या वर्षीच बाभळीच्या काट्याने गेला होता. उरलेल्या डाव्याच्या भरवशावर तिने चाळीस वर्षे टाके घातले, मुलगा वाढवला, सून आणली. त्याच डाव्या पापणीच्या कडेला, केसाच्या मुळाशी, आदल्या गुरुवारी तांदळाएवढी रांजणवाडी उठली. सून देवश्री बारावी शिकलेली. तिने गावच्या आशा सेविकेला विचारले आणि ती सांगेल तसेच केले: कोमट पाण्यात पिळलेले स्वच्छ फडके मिटलेल्या डोळ्यावर दहा मिनिटे, दिवसातून चार वेळा. काजळ बंद. चोळायचे नाही, फोडायचे नाही. शनिवारपर्यंत ठणका उतरला. प्रकरण एवढ्यावर मिटले असते, पण ते गल्लीला बघवले नाही.

"उन्हाच्या दिसात डोळ्याला शेक?" शेजारची शोभाकाकू दारातूनच ओरडली. "आगं रतने, बुबुळ उकडंल तुजं! एकच तर हाय. सूर्यभानला बोलीव."

'एकच तर हाय' हे चार शब्दही नव्हते, पण रतनबाईच्या काळजात ते खोल रुतले. शेक त्याच दिवशी बंद झाला.

आता या सूर्यभानाची पात्रता. पन्नास वर्षांपूर्वी तो आईच्या पोटातून पायाकडून जन्मला. या घटनेत कष्ट सगळे आईचे, मान मात्र आजतागायत याचा. पायाळू म्हणून चमक भरलेल्या कमरेला लाथ मारण्याचा हक्क त्याला जन्माने मिळाला. कमरेवरून तो मानेवर आला, मानेवरून दाढेवर, आणि कोणी अडवत नाही हे पाहून शेवटी डोळ्यापर्यंत पोहोचला. वहाण घातली की गुण जातो म्हणून तो अनवाणी फिरे, गोठ्यातसुद्धा. त्याच पायाने तो त्या सोमवारी आला.

"डोळा मिट आक्का. हलू नगं."

नाकाशी शेणाचा वास आला, मग अशी कळ गेली की रतनबाईच्या तोंडून आवाजच फुटला नाही.

"बघा, न्हाई वरडली! उतार पडला!" शोभाकाकूने जाहीर केले.

बुधवारी डोळा पुरता मिटला. लाली गालापर्यंत उतरली, ताप भरला, बुबुळ हलवले तरी आतून दुखे. रतनबाईने दोन बोटांनी पापणी उचलून दाराकडे पाहिले. दार दिसले नाही. नुसता पिवळट धूर दिसला. ती अंथरुणावर उठून बसली.

नेमका तेव्हाच सूर्यभान दारात उभा होता. "घाबरू नगं. तीन वारांचा उपाय हाय, अजून दोन ऱ्हायल्यात. उद्या गुरुवार, चांगला दिस हाय."

"भाऊ, पाय तुमचा हाय," रतनबाई म्हणाली, "पर डोळा माजा हाय. देवश्री, टेम्पो बघ."

"दवाखान्यात सुई टोचतेल गं!" शोभाकाकू कळवळली.

"टोचू दे. सुईला म्या भ्येत न्हाई."

नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, "डोळ्याला काय लावलं होतं?"

"अंगठा," देवश्री खाली मान घालून म्हणाली.

"हाताचा?"

"पायाचा."

बाईंचे पेन थांबले. एका फुटकळ गाठीचा संसर्ग दाबून दाबून पसरवला होता. आणखी दोन दिवस गेले असते तर डोळ्याची हमी कोणी दिली नसती, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. सहा दिवस शिरेतून औषध चालले. सातव्या दिवशी रतनबाईला समोरच्या खाटेवरच्या चादरीची किनार दिसली, आणि ती हमसून हमसून रडली.

गावात मात्र निकाल वेगळा लागला. दवाखान्याने नुसता शेवटचा हात फिरवला, मूळ गुण पहिल्या वाराचा, असे सूर्यभान पारावर सांगत होता आणि शहाणीसुरती माणसे माना डोलावत होती. महिन्याभराने त्याच गल्लीतल्या सहादेवने स्वतःच्या नातीला, दिशाला, सूर्यभानापुढे नेऊन बसवले. तिचीही पापणीच सुजली होती. रतनबाईला हे कळताच ती तशीच उठून गेली, पोरीला हाताला धरून आपल्या घरी आणले आणि चुलीवर पाणी ठेवले.

वाचकांकडे मागणी एकच. पापणी सुजली तर स्वच्छ, कोमट फडक्याने शेका आणि बाकी काही लावू नका. ताप आला, नजर अंधुक झाली, डोळा हलवताना दुखला किंवा सूज गालावर उतरली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. आणि तुमच्या देखत कोणी असा उपचार करू लागला, तर बघत उभे राहू नका, त्याला थांबवा.