पांढऱ्या दगडाची बाजू

सिएना प्लाइकीच्या आणि माझ्या घरात एकच तारेचं कुंपण. त्यामुळे तिच्या घरातलं मला तिच्याआधी कळतं, असं गाव म्हणतं. गावानं मला नेहमीच कमी लेखलंय.

सिएना कोल्हे धरते. आमच्या कारूच्या कोरड्या माळावर पोट मेंढ्यांवर, म्हणून कोल्ह्याशी वैर. रानाच्या कुंपणाकडे तोंड करून बसायचं, उजव्या हातानं खणून लोखंडी सापळा पुरायचा, वर माती भुरभुरायची आणि डाव्या हातानं शेजारी पांढरा दगड ठेवायचा. दगडाच्या उजवीकडे सापळा, तेव्हा डावीकडून चाला. हे इथल्या रांगत्या पोरालाही ठाऊक.

एका नाताळात तिच्या नवऱ्यानं, डिर्कीनं, तिचा उजवा पंजा दारात धरला आणि दार आपटलं. परत आपटलं. मी कुंपणावरून उडी मारली तोवर बोटांचा चेंदा झाला होता. डिर्की दूरच्या खाणीवर कामाला पळाला, तो वर्षानुवर्षं फिरकला नाही. सिएना डाव्या हातानं खणायला शिकली. तिचे दगड उजवीकडे गेले, सापळे डावीकडे, आणि गावानं मुकाट्यानं आपली पावलं बदलली.

यंदा गावाबाहेर आभाळ ऐकायची दुर्बीण उभारणाऱ्यांनी गावाला त्यांच्या त्या पांढऱ्या ताटल्या बघायला बोलावलं. बस सुटायला आणि डिर्की उगवायला एकच गाठ पडली.

"खाणीवरच्या घरी न्यायला आलोय तुला," तो सिएनाला म्हणाला. "आज संध्याकाळीच निघायचं."

"मी येत नाही."

"विचारलं कुणी?"

"टोपी झकास आहे रे डिर्की," मी म्हटलं. "खाली घालायला डोकंही घ्यायचंस."

तो तिला खेटूनच बसला आणि रस्ताभर सुऱ्यानं वाळलं मांस कापत राहिला.

शेवटच्या फाटकाशी सगळे उतरलो. फोन चालू असले तर ताटल्यांना आभाळातलं काही ऐकू येत नाही म्हणे. वाट दाखवणाऱ्या मुलीनं सगळ्यांचे फोन लोखंडी पेटीत घालून कुलूप लावलं.

"आता कुणाला बोलावशील?" म्हणत डिर्कीनं सिएनाचे केस धरले आणि तिचं तोंड बसच्या पत्र्यावर आपटलं. दात तुटून मातीत पडला. आम्ही धावलो, तर त्यानं सुरा फिरवला. तेवढ्यात सिएना त्याच्या मनगटाला कडकडून चावली, हिसडा देऊन सुटली आणि कुंपणाच्या दिशेनं पळाली. फाटकाबाहेरचं ते शेजारच्या शेतकऱ्याचं रान. तिथले सापळे तिचेच.

डिर्की मागे. वाटेत पांढरा दगड. त्यानं तो पाहिला, हे मी पाहिलं. गडी चक्क हसला आणि दगडाच्या डावीकडून गेला.

खट्ट. मग हाड मोडल्याचा आवाज, मग किंकाळी. पलीकडे साऱ्या ताटल्या आभाळाला कान लावून बसलेल्या. एकीनंही मान वळवली नाही.

सिएना मागे फिरली. पडल्यापडल्या त्यानं सुरा चालवला, तिचा कान फाटला. तिनं तोच दगड उचलला आणि त्याच्या मुठीवर घातला. सुरा सुटला. बोटं कशी झाली ते सांगत नाही, तुम्ही जेवत असाल.

"सापळा उघडा कुणीतरी!" ती मुलगी रडत ओरडली.

"दगड... डावीकडून जायचं ना?" डिर्की कण्हला.

सिएनानं वाकडा पंजा त्याच्या डोळ्यांसमोर धरला. "हा चालत होता तेव्हा. बाजू तूच बदललीस."

"उघड गं. पाया पडतो."

"मी येतेय तुझ्याबरोबर?"

"नाही."

"मोठ्यानं बोल. ह्या माझ्या शेजारणीला, मीताला कुंपणाआडून ऐकायची सवय आहे, समोरचं ऐकू येत नाही तिला."

"नाही! नाही येत! कधीच नाही!"

तेव्हा कुठे ती सापळ्याच्या दोन्ही स्प्रिंगांवर पाय देऊन उभी राहिली. जबडा उघडला. पायाचं जे उरलं होतं ते आम्ही ओढून काढलं आणि बस त्याला घेऊन इस्पितळाकडे गेली.

सिएनानं रुमाल कानाला बांधला, गुडघे टेकले, सापळा पुन्हा ताणला आणि रक्ताची माती बाजूला सारून कोरडी भुरभुरली. दगड घागऱ्याला पुसून सापळ्याच्या उजवीकडे ठेवला.

"चल मीता," ती म्हणाली. "चालतच जाऊ. ताटल्या बघायच्या राहिल्यात."

मी तिच्या मागोमाग निघाले, दगडाच्या उजवीकडून.