पटातला हलका गडी

सन साठ-बासष्टच्या सुमारास शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, म्हटली की वरूडकडची माणसं आधी केशवरावांच्या बैलजोडीचं नाव घेत आणि मग, आठवलंच तर, ती हाकणाऱ्या बुधाजीचं. पोरवयापासून त्याचं पोट याच कामावर चाललेलं. गडी हलका तर बैल मोकळे, असं केशवरावांचं गणित. मोसम आला की ते त्याला संत्री तोलायच्या काट्यावर बसवत आणि वजन जरा वाढलेलं दिसलं की त्याची भाकरी कमी करायला सांगत.

एका साली बुधाजीची कंबर धरली. छकड्यावर उकिडवं बसून दणके खाल्लेली कंबर ती, किती दिवस गप्प बसणार? अकोल्याचा डॉक्टर म्हणाला, हाडांवर मांस नाही, भरपूर खा आणि पडून राहा. अमरावतीच्या आखाड्यातला वस्ताद म्हणाला, पडून राहिलास तर कायमचा पडशील, बैठका मार. केशवराव म्हणाले, काही कर, पण वजन वाढवू नको. बिचाऱ्यानं कोणालाच दुखवलं नाही. सकाळी बैठका मारायच्या, दुपारी पडून राहायचं, रात्री एका भाकरीवर अर्धपोटीच झोपायचं. कंबर कशानं दुखते आणि कशानं थांबते, हेच त्याला समजेना. पण पटाचं काम सुटलं तर घरात चूल कशावर पेटणार, या भीतीनं तो छकड्यावर चढत राहिला.

पटाच्या दिवशी जोडी पहिली आली. लोकांनी बैलांना हार घातले. बुधाजी छकड्यावर वाकलेला तो वाकलेलाच. दोघांनी काखेत धरून उतरवला तेव्हा कुठं त्याचे पाय जमिनीला लागले. केशवराव बैलाचे खूर चाचपत होते.

"मालक," तो म्हणाला, "बैलाचा पाय लचकला तं तुमी त्याले महिनाभर बांधून खाऊ घालता. मले कावून उपाशी ठेवता?"

केशवरावांना राग आला नाही. त्यांना खरंच नवल वाटलं. "बैल धावते बाबा. तू तं बसूनच रायतं."

बुधाजीला ते पटल्यासारखं वाटलं, आणि त्याचंच त्याला फार वाईट वाटलं.

रात्री त्याची बायको इंदूबाई गरम विटेनं त्याची कंबर शेकत होती. त्यानं विचारलं, "मी नुसता बसून रायतो काय वं?"

तिनं वीट बाजूला ठेवली, त्याचं ताट पुढं ओढलं आणि त्यात दुसरी भाकरी वाढली. पुढचा पट आठवड्यावर होता. ती भाकरी खावी की नाही, हे त्याला कळेना.