चार ओळींची बाई

नवी बाई आमच्या डोळ्यांच्या दवाखान्याच्या कार्यालयात रुजू झाली, त्या दिवसापासूनच मला वाटत होतं की पाणी कुठेतरी मुरतंय. ती बोलायची कमी. टेबलाच्या खणाला कायम कुलूप. संगणकावर काही लिहिण्याआधी ती पेन्सिलीनं कागदावर एक प्रश्न लिहायची आणि तोच पुटपुटत बसायची. "कोण हवेत? कुठल्या यादीतले? कुठल्या अटीवर?" पुटपुटणाऱ्या माणसावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

तशी तिची कहाणी साधीच होती. आधी बुटांच्या कारखान्यात गोदामाच्या याद्या सांभाळायची. कारखाना बंद पडला. घरी सासू आणि शाळेत जाणारी मुलगी. हे सगळं मी कपाट आवरण्याच्या निमित्तानं तिचा अर्ज काढून वाचलं. ऑफिसात मला उगाच 'भिंग' म्हणत नाहीत.

आमच्याकडे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची प्रतीक्षायादी असते आणि दर तीन महिन्यांनी शिबिर. त्या यादीचा प्रोग्राम अकरा वर्षांपूर्वी मी लिहिला, ऐंशी ओळींचा. पहिल्या जागेपासून एकेक जागा खाली उतरायचं, ज्याचे तपासणीचे कागद पूर्ण त्याला बोलावणं छापायचं, त्याचं नाव यादीतून काढायचं आणि पुढच्या जागेवर जायचं. आपण बोट ठेवून यादी वाचतो ना, तस्संच. बाईनं ते चार ओळींत उरकलं: या यादीतून, ज्यांचे कागद पूर्ण आहेत ते, नोंदणीच्या क्रमानं, मला दे.

"आणि शोधायचं कोणी?" मी विचारलं.

"ते मशीन बघतं, काका. आपण यादीला फक्त विचारायचं. बोट फिरवत बसायला नको."

काका! माझ्याहून फार तर बारा वर्षांनी लहान असेल. त्या दिवसापासून तिला 'चार ओळींची बाई' हे नाव मीच पाडलं आणि ऑफिसभर केलं.

पुढच्या शिबिराच्या वेळी मी मुद्दाम यादीच्या दोन प्रती काढून एकीवर माझा, दुसरीवर तिचा प्रोग्राम चालवला. माझ्या यादीत पंधरा नावं आली, तिच्या यादीत तीस. आणि तिच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर माझ्या ताईचं नाव! माझ्या यादीत ते नव्हतं.

आता लक्षात आलं. मला गप्प करायला माझ्याच बहिणीला पुढे काढलं होतं. ताई नऊ महिन्यांपूर्वीच्या शिबिरापासून ओळीत होती. शिवणकाम करणारी बाई. उजव्या डोळ्यानं जवळजवळ दिसेना, डावाही त्याच वाटेवर. तरी मी तिला सांगून ठेवलं होतं, ओळ म्हणजे ओळ, माझी बहीण म्हणून पुढे घेणार नाही. शिबिर आलं की ती विचारायची, "माझं आलं का रे?" मी म्हणायचो, "कागद अपुरे असतील, पुन्हा कर." बिचारीनं तीनदा केले.

मी दोन्ही याद्या घेऊन तडक मोठ्या डॉक्टरीणबाईंसमोर गेलो आणि बाईला तिथेच बोलावून घेतलं. "हिनं कागदांची अट गाळलीय," मी म्हणालो. "वर माझ्या बहिणीचं नाव घुसवलंय. मला विकत घेतेय!"

बाई माझ्याकडे बघतच राहिली. "यात तुमची बहीण आहे? मला कसं कळणार? आडनाव वेगळं असेल ना."

मग तिनं आपल्या टेबलाकडे जाऊन ते कुलूप उघडलं. खणातून कागदांचा गठ्ठा आणि चिठ्ठ्या आणल्या. गठ्ठ्यात तीसही जणांचे कागद होते, सगळे पूर्ण. चिठ्ठ्यांवर एक ते सहा आकडे होते. त्या तिनं टेबलावर एकाखाली एक मांडल्या.

"काका, तुमचा प्रोग्राम करतो तसं करा. बोटानंच."

मी पहिल्या जागेवर बोट ठेवलं. कागद पूर्ण, म्हणून चिठ्ठी काढली. तिनं खालच्या सगळ्या चिठ्ठ्या एकेक जागा वर सरकवल्या. यादीतून नाव काढलं की तसंच होतं. मग मी दुसऱ्या जागेवर गेलो. तिथे तीनची चिठ्ठी होती.

दोनची चिठ्ठी वर सरकून पहिल्या जागेवर बसली होती, आणि पहिल्या जागेकडे माझं बोट पुन्हा जाणारच नव्हतं.

"एकाला बोलावलं की त्याच्यामागचा राहतो," ती हळूच म्हणाली. "मी यादीतून काही काढतच नाही, नुसतं विचारते. म्हणून माझ्याकडे कुणी राहत नाही."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. ताईचा नंबर नोंदणीच्या वेळी सोळावा होता, मला पाठ होता. पहिल्या शिबिरात ती राहिली आणि आठवी झाली. मग चौथी. मग दुसरी. दर वेळी तिच्या पुढच्याला बोलावणं गेलं आणि तिला मी कागद अपुरे असल्याचं सांगितलं. एकदाही तिची फाईल उघडून पाहिली नाही. जगाच्या डोळ्यातलं कुसळ शोधणारा मी!

"हे खणात का लपवलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"चूक कुणाची ते नक्की होईपर्यंत बोभाटा नको म्हणून," बाई म्हणाली. "आज मी काकांना एकट्याला सांगणार होते."

मी टेबलावरच्या चिठ्ठ्या गोळा करायला लागलो. माफी मागायला हवी होती, ती दुसऱ्या दिवशी मागितली.

संध्याकाळी बोलावण्याचं पत्र घेऊन ताईकडे गेलो. तिनं ते हातात घेतलं, डोळ्यांशी नेलं आणि मलाच परत दिलं. मी वाचून दाखवलं.

"झाले का रे एकदाचे माझे कागद पूर्ण?"

"ताई, ते पहिल्यापासूनच पूर्ण होते. चूक माझी होती."

तिनं खिडकीकडे तोंड वळवलं. खिडकीखाली, जिथे तिचं शिलाई मशीन असायचं, तिथे फरशीवर चार पायांचे डाग होते. सुई दिसेना म्हणून दोन महिन्यांपूर्वी तिनं ते शेजारणीच्या सुनेला देऊन टाकलं होतं.

"दिलेली वस्तू परत मागणं बरं दिसतं का रे?" तिनं विचारलं.