सहाशे यार्डांपर्यंत उमलणारी गोळी

नाव : वेंडेल मायलो द्राझिच. हुद्दा : मुख्य संशोधक, उत्पादनप्रमुख व चाचणी विभागाचे संचालक. मुख्यालय : ॲनाकोंडा, मोंटाना. सदर इसम हे अखंड तांब्याची, शिसेविरहित, लांब पल्ल्याची शिकारी गोळी तयार करतात. सदर गोळी सहाशे यार्डांपर्यंत कोणत्याही जनावराच्या अंगात शिरताच फुलासारखी उमलते, असे चाचणी विभागाने वारंवार खात्री करून प्रमाणित केलेले आहे.

हा मजकूर गोळ्यांच्या खोक्यावर छापलेला आहे. संशोधन विभाग म्हणजे वेंडेलचं गॅरेज. उत्पादन विभाग म्हणजे त्याच गॅरेजातलं लेथ. रस्ते खात्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त होताना त्यानं ते भंगारात विकत घेतलं होतं. चाचणी विभाग घरामागच्या माळावर भरतो. तिथे एका फळीवर दुधाचे प्लास्टिकचे कॅन पाणी भरून ओळीनं मांडलेले असतात. कॅन गोळा करण्याचं काम त्याची बायको एल्मा करते. रविवारी चर्चमध्ये प्रार्थना संपली की ती उठून उभी राहते, आणि पाद्रीबाबांसकट सगळ्यांना कळतं की आता दुधाचा विषय निघणार.

आमच्या गावात तांबं वितळवायची भट्टी होती. ती बंद पडून जमाना झाला. तिचं धुराडं तेवढं टेकडीवर उभं आहे. त्यामुळे तांब्याच्या कुठल्याही उद्योगाकडे गाव जरा हळवेपणानं बघतं. वेंडेलच्या गोळ्यांचं एकेक खोकं आम्ही सगळ्यांनी विकत घेतलं होतं, आणि फडताळात ठेवून दिलं होतं.

तांब्याच्या गोळीची अडचण अशी की ती कडक असते. शिशाची गोळी मऊ, आत गेली की पसरते, फुटते, आणि तिचा चुरा मांसात राहतो. तांब्याचा चुरा होत नाही. ती उमलावी म्हणून तिच्या तोंडाशी बारीक भोक पाडायचं. वेगानं शिरली की आतला ओलावा त्या भोकात घुसतो आणि तोंड पाकळ्यांसारखं मागे वळतं. पण लांबवर पोचेपर्यंत गोळीचा वेग मंदावतो, आणि पाकळ्या कुरकुर करू लागतात. न उमललेली गोळी सुईसारखी आरपार जाते. जनावर मरतं, पण सवडीनं, आणि भलतीकडेच.

सहाशे यार्डांवरचा दुधाचा कॅन काही दिसत नाही. म्हणून वेंडेल काडतुसात दारू कमी भरायचा, इतकी कमी की गोळी जवळच्या कॅनवरसुद्धा सहाशे यार्ड चालून आल्यासारखी दमून आपटावी. मग कॅन कापून गोळी काढायची. ती उमललेली असायची. स्वयंपाकघराच्या खिडकीत अशा तांबूस फुलांची रांगच लागली होती.

ही गोळी त्यानं खरं तर एका माणसासाठी बनवली होती. लाइल हिल्टुनेन, एल्माचा थोरला भाऊ. लाइलनं तरुणपणी भट्टीवर काम केलं, आणि भट्टीनं त्याच्या फुफ्फुसांवर. आता त्याच्या नाकात प्राणवायूची नळी असायची आणि घरापासून टपालाच्या पेटीपर्यंत जाताना तो दोनदा थांबायचा. ज्या रानातल्या नर एल्कसाठी, सांबरासारख्या दांडग्या हरणासाठी, परवान्याची सोडत निघते, तिथे तो वर्षानुवर्षं अर्ज करत आला होता. यंदा त्याचं नाव निघालं. डॉक्टरांनी त्याच्याशी पुढच्या वसंतापर्यंतचंच काय ते बोलणं केलं होतं, त्यापलीकडचा विषय काढला नव्हता.

डोंगर चढणं शक्यच नव्हतं. पिकअप जिथवर जाते तिथेच बसायचं, आणि एल्क जिथे निघेल तिथे गोळी पोचवायची. शिशाची चालली असती. पण लाइल म्हणायचा, "शिसं मी भट्टीवर फुकट खाल्लंय. आता म्हातारपणी मांसातनं नको."

सप्टेंबरात तो चाचणी बघायला आला. कॅन कापून वेंडेलनं गोळी त्याच्या तळहातावर ठेवली.

"वा, साहेब." खोक्यावरचे हुद्दे वाचल्यापासून लाइल त्याला साहेबच म्हणायचा. "दुधाचा कॅन रानात दिसला तर त्याची आता खैर नाही."

"मांसात बहुतेक पाणीच असतं," वेंडेल म्हणाला.

"एल्क कॅनएवढा गुळगुळीत निघू दे म्हणजे झालं."

आम्ही सगळे हसलो. वेंडेलही हसला.

ऑक्टोबरच्या शेवटी ओळखीच्या रँचवर, कुरणाच्या अलीकडच्या टोकाला, एल्माच्या स्वयंपाकघरातली खुर्ची आणि टेबल मांडलं. टेबलावर वाळूच्या पिशव्या, त्यांवर रायफल, बाजूला प्राणवायूचं नळकांडं. उजाडल्यावर पलीकडच्या झाडीतून नर बाहेर आला. घोड्याएवढा, मानेशी काळा, डोक्यावर झाड घेतल्यासारखी शिंगं. वेंडेलनं यंत्रातून अंतर पाहिलं. सहाशेला थोडे कमी.

"पल्ल्यात आहे," तो म्हणाला.

"उमलेल ना?" लाइलनं रायफलीच्या दुर्बिणीवरचा डोळा न काढता विचारलं.

"उमलेल."

लाइलनं श्वास सोडला. तो त्याच्याकडे मोजकाच होता. गोळी खांद्यामागे, हवी तिथेच लागली. आम्ही दुर्बिणीतून केस उडालेले पाहिले. एल्कनं पाठ आखडली. मग जरा वेळ तो उभा राहिला, काहीतरी विसरून आलेल्या माणसासारखा, आणि चालत झाडीत गेला.

"चालत गेला," लाइल म्हणाला.

"पडेल आता. दहा पावलांवर पडेल."

जखमी जनावरामागे लगेच जायचं नसतं, तासभर थांबायचं असतं, थांबलो. मग वेंडेल संडासातल्या कागदाची गुंडाळी घेऊन निघाला. रक्ताचा थेंब दिसला की जवळच्या फांदीला कागदाचा तुकडा अडकवायचा, म्हणजे मागे वळून पाहिलं की जनावराची दिशा कळते. संध्याकाळी तो परत आला तेव्हा गुंडाळी जवळपास जशीच्या तशी होती. मोजके थेंब होते, नाण्याएवढे, आणि मग नुसत्या पाइनच्या सुया. त्या आठवड्यात लख्ख ऊन होतं. बर्फ असता तर आंधळ्यालाही माग दिसला असता. वेंडेलच्या पँटचे गुडघे फाटले होते. बराच वेळ तो रांगत शोधत होता, हे त्यानं सांगितलं नाही.

"जेवलास का?" लाइलनं विचारलं.

"उद्या सापडेल."

"खिम्याची पेस्टी ठेवलीय तुझ्यासाठी. थंड झालीय."

"उद्या सापडेल, लाइल."

आमच्याकडे एक रीत आहे. ती कायद्यात नाही. रक्त सांडलं की परवान्याची चिठ्ठी संपली. जनावर हाती लागो न लागो, तुझ्या परवान्याचं जनावर तेच. दुसऱ्यावर बंदूक उचलायची नाही. ही रीत सगळ्यांना पाठ आहे आणि निम्मे लोक ती सोयीनं विसरतात. लाइलच्या बापानं ती पाळली होती आणि लाइलनं आयुष्यात फारशा गोष्टी बापाकडून घेतल्या नव्हत्या, पण ही घेतली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाचसहा जण झाडीत पसरलो. दुपारी वेंडेल आणि मी पाणी भरून घ्यायला खाली आलो, आणि जागीच थांबलो. कुरणात दुसरा नर उभा होता. खुर्चीपासून दोनशे यार्डही नव्हता. कूस पूर्ण आमच्याकडे. इतक्या जवळून कुठलीही गोळी उमलली असती. बटण फेकून मारलं असतं तरी उमललं असतं.

लाइल खुर्चीत बसला होता. हात मांडीवर.

वेंडेल वाकून, जवळजवळ सरपटत त्याच्यापाशी गेला, मागोमाग मी. "मार," तो कुजबुजला. "लाइल, मार."

"माझा वर झाडीत आहे."

"वरचा जगेल कदाचित. जखम एवढीशी आहे."

"एवढीशी कशी? खोक्यावर फूल लिहिलंय."

वेंडेलनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "कायद्यानं मारता येतो. सापडला नाही तर येतो मारता. विचार हवं तर यांना."

मी मान हलवली. खरंच येतो.

"येतो की," लाइल म्हणाला. "तुला मारायचा असेल तर तुझी चिठ्ठी आण."

"पुढच्या वर्षी..." वेंडेलचं वाक्य तिथेच अडलं.

"हो ना," लाइल म्हणाला. "तेच."

एल्क आणखी थोडं चरला. त्याला काही घाई नव्हती. वेंडेल खुर्चीच्या पायाशी गवतात बसला, आणि एकदा त्याचा हात टेबलावरच्या रायफलीकडे गेला. लाइलनं तो बाजूला केला, पानावरची माशी वारावी तसा. नर झाडीत गेला. वेंडेल उठला, पाणी न भरताच पुन्हा डोंगराला लागला. मी दोघांच्या बाटल्या भरल्या.

तिसऱ्या दिवशी डोमकावळ्यांनी जागा दाखवली. एका घळीत, पडलेल्या ओंडक्यांखाली तो होता. पहिल्याच संध्याकाळी मेला असावा; आदल्या दिवशी आम्ही हाकेच्या अंतरावरून गेलो होतो. पोट फुगलेलं. एका कुशीवर भोक, दुसऱ्या कुशीवर भोक. दोन्ही सारखीच, पेन्सिल जाईल एवढी.

वेंडेलनं सुरी काढली. मांडी हाडापर्यंत चिरली आणि तोंड फिरवलं. मग दुसरी मांडी. मग खांदा, मग मान. कुठेतरी एखादा तुकडा चांगला असेल, एका जेवणापुरता, म्हणून तो चिरत राहिला. वास इतका होता की आम्ही वाऱ्याच्या बाजूला सरकलो.

"वेंडेल," मी म्हणालो, "पुरे."

"पाठीचं बघतो."

पाठीचंही नासलं होतं.

खाली आल्यावर लाइलनं आमच्याकडे पाहिलं. खिशातून चिठ्ठी काढली, सुरीनं तारखेची खाच पाडली. त्याची शिकार संपली.

"शिंगं आणलीत," वेंडेल म्हणाला.

"शिंगांचं सूप होत नाही."

"कातडं पण आणलंय."

"ते तुला ठेव, साहेब. तुझ्या विभागाला."

एल्मानं सॉसेजसाठी वाटून ठेवलेला मसाला बरणीत भरून मागच्या फळीवर सरकवला. हिवाळाभर शेजाऱ्यांनी लाइलकडे एल्कचं मांस पाठवलं. सगळं शिशाच्या गोळीनं मारलेलं. तो खायचा आणि म्हणायचा, चव ओळखीची आहे. मार्चमध्ये तो गेला.

कातडं वेंडेलनं लाकडी चौकटीवर ताणून बसवलं, केस बाहेरच्या अंगाला, आणि चौकट कॅनच्या पुढे उभी केली. पहिली गोळी कातड्यातून पाण्यात गेली. कॅन कापला. गोळी मिटलेली होती, आणि तोंडाच्या भोकात तपकिरी केस गच्च ठासून बसले होते. त्यानं भोक रुंद केलं. मग खोल केलं. मग आतून चिरा पाडल्या. मग तोंडावर टोपी बसवून पाहिली. विक्री बंद आहे. छापलेली खोकी गॅरेजात छतापर्यंत रचलेली आहेत. एल्मा रविवारी अजून उठून उभी राहते. कातडं आता जाळीसारखं झालंय, आणि भोकं नाहीत अशी जागा त्याला शोधावी लागते.

चाचणी विभाग रोज सकाळी उघडतो. गोळी उमलत नाही.