रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांची रायफल

नीलिमा करंबेळकरचा उजवा खांदा आखडला नसता, तर ती रायफल त्यांच्या घरात आलीच नसती. चाळिशी उलटल्यावर पुष्कळ बायकांचा आखडतो, तसाच तिचाही आखडला. हात वर नेऊन केस विंचरता येईनात, आणि क्लबची जुनी रायफल उडवली की धक्का नेमका दुखऱ्या जागी बसायचा. फिजिओने नेमबाजी बंद कर म्हणून सांगितलं. नीलिमाने फिजिओ बदलला.

ती मूळची पुण्याची. कॉलेजात असताना एनसीसीच्या कॅम्पमध्ये तिने पहिल्यांदा रायफल धरली आणि तेव्हापासून तो नाद सुटला नाही. मेलबर्नला शिकायला आली तेव्हा क्लेटनच्या एका भाड्याच्या घरात आम्ही चार मुली राहायचो. बाकीच्या शनिवारी झोपा काढायच्या, ही दोन बसेस बदलून नेमबाजीच्या रेंजवर जायची. पुढे तिला क्लेटनमध्येच एका डेंटल लॅबमध्ये नोकरी लागली. कवळ्या, कॅप, ब्रिज असं सगळं ती बनवते. राघवशी लग्न झालं, चिन्मयी ही मुलगी झाली, मुलीच्या शाळेसाठी ग्लेन वेव्हर्लीला घर घेतलं, पण शनिवारची रेंज तशीच राहिली.

क्लबमध्ये ग्रॅहम नावाचे एक निवृत्त बस ड्रायव्हर होते. तिचा खांदा बघून त्यांनी सुचवलं की रिव्हॉल्व्हरची काडतुसं वापरणारी एक बोल्टची, म्हणजे दरवेळी हाताने दांडा मागे-पुढे करून काडतूस भरायची रायफल आपल्याकडे आहे, ती तू घे. रिव्हॉल्व्हरचं काडतूस बुटकं, त्यात दारू थोडी. तेच लांब नळीच्या, जड रायफलमधून उडवलं की खांद्याला नुसता हलका धक्का लागतो. एवढी सोयीची वस्तू तुम्ही विकताय कशाला, असं नीलिमाने विचारलं. तिच्या मागे लागायला आता माझ्यात सबुरी नाही, असं ते म्हणाले. नीलिमाने ते हसण्यावारी नेलं.

परमिट वगैरे होऊन रायफल हातात पडली ती मार्च २०२० मध्ये. त्याच शनिवारी तिने रेंजवर पहिली चाचणी घेतली. बुटक्या काडतुसाला मॅगझीनमध्ये, म्हणजे काडतुसं भरायच्या पेटीत, घर मोठं पडत होतं, आणि त्याच्या बुडाशी असलेली कडा पुढच्या काडतुसाला अडकायची. दोन उडाली की तिसरं वाकडं होऊन तोंडाशीच अडायचं. उडाली त्यांची छिद्रं टार्गेटवर जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत पसरलेली. चाप इतका कडक की ओढताना अख्खी रायफल हलायची. पुढच्या शनिवारी एकेक गोष्ट बघू, असं ठरवून ती घरी आली. पुढच्या शनिवारी कोविडमुळे रेंजच बंद झाली.

त्याच महिन्यात तिच्या सासूबाई, शोभाताई, नातीच्या वाढदिवसासाठी तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. विमानं बंद झाली आणि त्या इथेच अडकल्या. शोभाताईंनी पुण्यात बत्तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला होता. सरळ बसा, मान वर, बोटांकडे बघू नका, हे सांगण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. घरात बंदूक आहे हे त्यांना आल्यावर कळलं आणि मुलाने हे आपल्याला कधी सांगितलंच नाही, याचा त्यांना जास्त राग आला. राघव दिवसभर मीटिंगमध्ये असायचा, म्हणून तो राग नीलिमाच्या वाट्याला आला.

दातांचे दवाखाने बंद पडले तशी लॅबही बंद झाली. नीलिमाने गराजमध्ये टेबल मांडलं. नळी आणि लाकडी दस्ता यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवून बघितली, तर उजव्या बाजूला ती अडकत होती. म्हणजे लाकूड नळीला दाबत होतं. तिने ते पॉलिश पेपरने घासायला घेतलं. घासून झाल्यावर कळलं की गराजमध्ये सासूबाईंनी वाळत टाकलेल्या कुरडयांवर लाकडाचा भुसा बसलाय. त्या कुरडया टाकून द्याव्या लागल्या आणि त्यानंतर आठवडाभर दोघी फक्त चिन्मयीमार्फत बोलत होत्या. चापासाठी हलकी स्प्रिंग मागवली होती, ती दोन महिन्यांनी आली आणि भलत्याच मॉडेलची निघाली. ती परत पाठवायची, तर पोस्टात रांग फुटपाथपर्यंत.

जूनमध्ये थोडी मोकळीक मिळाली तेव्हा ती एकदाच रेंजवर जाऊन आली. ताटाऐवजी आता ताटली झाली होती, एवढाच फरक. ग्रॅहमनी दस्ता हातात घेऊन बघितला. आत चाप-बोल्टचं यंत्र बसतं ती जागाच सैल आहे, ते दरवेळी जरा वेगळं बसतं, तिथे ओतल्यावर घट्ट होणारं रेझिन भरून घ्यायला हवं, असं त्यांनी सांगितलं. हे आधी का नाही सांगितलं, असं तिने विचारलं. तू विचारलं नाहीस, असं म्हणून ते चहा आणायला गेले.

जुलैत शहर पुन्हा बंद झालं. या वेळी शहराबाहेर जायच्या रस्त्यांवर पोलीस, घरापासून पाच किलोमीटरची हद्द, आणि रेंज डोंगरापलीकडे. पण रेझिनचं काम घरी होण्यासारखं होतं, आणि नीलिमाला त्याची भीती नव्हती. साचा घेणं, रेझिन ओतणं, घट्ट बसवणं हे तिचं रोजचंच काम. यात एकच पथ्य असतं. जिथे रेझिन चिकटायला नको, तिथे आधी मेण लावून घ्यायचं.

पुढच्या भागाला मेण लावून झालं आणि सासूबाईंची हाक आली. पुण्याहून नणंदेचा व्हिडिओ कॉल आला होता, चेहरा दिसत होता पण आवाज येत नव्हता. नीलिमा हात पुसून गेली, आवाज सुरू करून दिला, नणंदेशी चार शब्द बोलली आणि परत येऊन तिने रेझिन भरलं. मागचा भाग मेणावाचून राहिला होता. हे तिच्या लक्षात आलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, दस्त्यातून यंत्र जागचं हलेना तेव्हा. तिने ओढलं, रबरी हातोडीने ठोकलं, गरम पाण्याचं फडकं लावलं. काही उपयोग झाला नाही. दिवसभर प्लास्टरला हेच मेण लावणारी बाई मी, असं ती मला फोनवर सांगत होती.

ग्रॅहमनी फोनवर उपाय सांगितला. सगळं तसंच फ्रीजरमध्ये घाल, धातू आकसतो आणि रेझिन सोडतं. फ्रीजर गराजमध्ये होता, आडवा, मोठा. पण त्यात सासूबाईंचं खवलेलं खोबरं, सोललेले मटार आणि गणपतीसाठी आधीच करून ठेवलेलं सारण होतं. बंदुकीला लागलेलं अन्न देवाला चालायचं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. नीलिमाने सगळं काढून स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये कोंबलं, रायफल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आत ठेवली आणि शेजारी खुर्ची टाकून बसली. बोल्ट तिजोरीत होता, त्यामुळे त्यातून काही उडणार नव्हतं, पण कायद्याने रायफल एक तर कुलपात हवी, नाही तर परवानाधारकाच्या नजरेसमोर. फ्रीजरला कुलूप नव्हतं. ऑगस्टच्या थंडीत गराजमध्ये स्वेटर, टोपी घालून ती सकाळपासून दुपारपर्यंत फ्रीजरवर पहारा देत बसली. राघव दोन मीटिंगच्या मध्ये डोकावला आणि हसायला लागला. तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढची मीटिंग आहे म्हणून निघून गेला. दुपारी शोभाताई आल्या, आल्याच्या चहाचा कप तिच्या हातात दिला आणि गेल्या.

चहा संपल्यावर तिने रायफल बाहेर काढून ठोकली. टक्कन आवाज झाला आणि यंत्र सुटलं. मागच्या बाजूच्या रेझिनचा टवका निघाला होता. तो भाग तिने पुन्हा भरला. त्या वेळी गराजचं दार तिने आतून लावून घेतलं होतं.

नोव्हेंबरात रेंज उघडली. आता योग्य स्प्रिंगही बसली होती. चार गोळ्या एकमेकींना चिकटून लागल्या, आणि पाचवी तिकडे लांब. पुन्हा पाच उडवल्या, तीच तऱ्हा. मग २०२१ मध्येही हेच चाललं. तिने गोळ्यांचं वजन बदलून बघितलं, वेगळ्या कंपनीची काडतुसं आणली, नेमाची दुर्बीण बदलली, सगळे स्क्रू सोडवून ठरावीक ताणाने पुन्हा आवळले. प्रत्येक वेळी काही तरी हाताशी लागतंय असं वाटलं की शहर बंद व्हायचं. ती एक चुकार गोळी काही गेली नाही. तुमच्या रायफलची नळीच खराब आहे, असं ती एकदा ग्रॅहमना फोनवर बोलली. विकली तेव्हा ती माझी होती, आता तुझी आहे, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. महिनाभर दोघांचं बोलणं बंद होतं.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सहाव्यांदा शहर बंद झालं. सवय मोडू नये म्हणून नीलिमा घराच्या पॅसेजमध्ये खोटी काडतुसं घालून सराव करायची. पलीकडच्या भिंतीवर नेमासाठी राघवची पिवळी चिठ्ठी चिकटवलेली. शोभाताई पॅसेजच्या टोकाला खुर्चीवर बसून मटार सोलत होत्या. चाप ओढल्याचा टक् आवाज चार-पाचदा झाल्यावर त्या म्हणाल्या,

“तू डोळे मिटतेस.”

नीलिमाला आधी कळलंच नाही. मग ती म्हणाली की असं होणं शक्य नाही. ती पंचवीस वर्षं नेमबाजी करत होती.

“पंचवीस वर्षं केलीस म्हणून काय झालं? आवाज व्हायच्या आधी तू दोन्ही डोळे मिटतेस. दरवेळी नाही. खांदा उचलून नीट करतेस ना, त्यानंतर मिटतेस.”

यावर बरीच वादावादी झाली. तुम्हाला यातलं काय कळतं, हे वाक्य नीलिमाच्या तोंडून गेलंच. शोभाताई म्हणाल्या की बंदुकीतलं त्यांना काही कळत नाही, कळून घ्यायचंही नाही, पण माणूस काम करताना कुठे बघतो ते त्यांना दिसतं. शेवटी चिन्मयी वैतागून खोलीतून बाहेर आली. तिचा ऑनलाइन वर्ग चालू होता. तिने फोनवर आईचा व्हिडिओ काढला आणि दोघींसमोर धरला.

“यू टोटली डू, मम,” ती म्हणाली आणि परत खोलीत गेली.

व्हिडिओत स्पष्ट दिसत होतं. चारदा उडवून अवघडलेला दुखरा खांदा जरा वर उचलला की धक्का बसणार या धास्तीने नीलिमाचे डोळे गच्च मिटत होते, हनुवटी खाली येत होती. इतक्या दिवसांत लाकूड घासलं, रेझिन भरलं, दुर्बीण बदलली, एका सत्तरीच्या माणसाशी भांडण केलं. त्यातलं बरंचसं गरजेचंच होतं, पण ती चुकार गोळी तिची स्वतःची होती. तिने रायफल तिजोरीत ठेवली. जेवताना ताटाकडे बघतच तिने सासूबाईंना विचारलं, “उद्या बसाल का थोडा वेळ?”

त्या बसल्या. उद्याच नाही, रोज. पॅसेजच्या टोकाला खुर्ची, मांडीवर काही तरी निवडायला घेतलेलं, आणि टक् झालं की निर्विकार आवाजात “मिटले”. पुन्हा टक्, पुन्हा “मिटले”. नीलिमा दात आवळून पुन्हा नेम धरायची. तो एक शब्द ऐकून डोकं फिरायची वेळ येते, असं ती मला सांगायची. त्यात सासूबाईंचं कधी चुकायचं नाही, याने ती जास्तच चिडायची. हळूहळू तो शब्द कमी ऐकू यायला लागला. ज्या दिवशी तो एकदाही आला नाही, त्या दिवशी शोभाताई शाबासकी वगैरे काही न देता मेथी निवडून झाली म्हणून उठल्या.

शहर उघडल्यावर नोव्हेंबरात तिने आधी ग्रॅहमना फोन करून माफी मागितली. पाठोपाठ आपलं काय चुकत होतं तेही सांगितलं. ते खूप हसले, आणि आपलंही तसंच होत असेल का, अशी शंका त्यांना आली. त्या शनिवारी शोभाताईही रेंजवर आल्या. साडीवर राघवचं जॅकेट, तोंडाला मास्क, कानांवर आवाज अडवणारे मोठे लाल मफ. वारा फार आहे, बाकडं ओलं आहे, माशा तोंडावर बसतायत, अशी त्यांची तक्रार शेवटपर्यंत चालू होती.

नीलिमाने पाच गोळ्या उडवल्या. टार्गेट आणायला ती स्वतः चालत गेली आणि परत येताना तिची पावलं मंद झाली होती. पाचही छिद्रं मिळून एका बशीपेक्षा लहान जागेत होती. यापेक्षा चांगलं नेमबाज लोक रोज करतात. ग्रॅहमनी कागद उन्हात धरून बघितला आणि तिच्या पाठीवर थोपटलं, डाव्या खांद्यावर, आठवणीने. शोभाताईंनी चष्मा लावून छिद्रं बघितली.

डिसेंबरात त्यांचं पुण्याचं तिकीट होतं. त्या दिवशी रेंजवरून परत येताना गाडीत त्यांनी विचारलं की आता हे संपलं ना एकदाचं. नीलिमा म्हणाली, नाही, काडतूस अजून अडकतंय, मॅगझीनचं तोंड घासून बघावं लागेल. शोभाताईंनी खिडकीची काच वर केली.

“ते मी गेल्यावर कर,” त्या म्हणाल्या.